मध्यंतराचा लोप : ‘इन्टू द वुड्स’ आणि जाणत्या प्रेक्षकाचे भाकीत

रंगभूमीवर रुजलेली एखादी कृती चित्रपटात जाणार अशी वार्ता आली, की तिच्या जाणत्या प्रेक्षकांमध्ये एका वेगळ्याच प्रकारचे वाचन सुरू होते. चित्रपट अजून अस्तित्वात आलेला नसतो. पण त्यात काय गाळले जाईल, काय सौम्य केले जाईल, कोणते गाणे जाईल आणि कोणता मृत्यू टळेल, याची गणिते मांडली जाऊ लागतात. रूपांतराची चर्चा करताना आपण मूळ संहिता आणि रूपांतरित कृती या दोन टोकांचाच विचार करतो. त्यांच्या मधल्या काळातले हे भाकीत समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. ते यायला हवे, असे मला वाटते. आपल्या आवडत्या कृतीत काय मोलाचे आहे असे चाहत्यांना वाटते, ते या भाकितात जितके उघड होते तितके त्यांनी केलेल्या स्तुतीतही होत नाही. आणि त्या कृतीतले काय त्यांच्या नजरेतून निसटते, तेही येथेच दिसते.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठातील व्याख्यानात ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडली, ती साहित्याचा इतिहास वाचकाच्या बाजूने लिहिता यावा म्हणून. नवी कृती वाचकाच्या आधीच्या अपेक्षांना छेद देते, आणि त्या छेदाच्या प्रमाणावरून तिचे ऐतिहासिक मोल ठरवता येते, असा त्यांचा विचार होता. रूपांतराच्या बाबतीत मात्र या क्षितिजाचे स्वरूप जरा बदलते. येथे प्रेक्षक एका वाङ्मयप्रकाराकडून अपेक्षा करत नाही, तर एका विवक्षित, पाठ असलेल्या कृतीकडून करतो. त्याची अपेक्षा यादीसारखी असते : हे हवे, ते हवे, हे गेले तर चालणार नाही. ही यादी कशी तयार होते, आणि यादीत न मावणाऱ्या गोष्टींचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी स्टीफन सॉन्डहाइम (संगीत व गीते) आणि जेम्स लपाइन (संहिता) यांच्या ‘इन्टू द वुड्स’ या संगीतिकेचे उदाहरण घेतले आहे.

या संगीतिकेचा पहिला प्रयोग डिसेंबर १९८६ मध्ये सॅन डिएगो येथील ओल्ड ग्लोब थिएटरमध्ये झाला, आणि ५ नोव्हेंबर १९८७ रोजी ती लपाइन यांच्याच दिग्दर्शनाखाली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर आली. सप्टेंबर १९८९ पर्यंत तिचे ७६५ प्रयोग झाले. १९८८ च्या टोनी पुरस्कारांत संगीत-गीतांचा आणि संहितेचा पुरस्कार तिला मिळाला. सर्वोत्तम संगीतिकेचा मान मात्र ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’कडे गेला. कथानक युरोपीय परीकथांचे आहे. सिंड्रेला, रापुन्झेल, लाल टोपीवाली मुलगी, घेवड्याच्या वेलावरून राक्षसाच्या घरी चढणारा जॅक अशा ओळखीच्या पात्रांच्या जोडीला लपाइन यांनी स्वतःची एक कथा आणली आहे : एक पाववाला आणि त्याची बायको. चेटकिणीच्या शापाने ते निपुत्रिक आहेत. शाप उतरवायचा तर चार वस्तू हव्यात, आणि त्या चारही वस्तू इतर परीकथांतल्या पात्रांपाशी आहेत. म्हणून सगळ्यांना रानात जावे लागते.

पहिल्या अंकाच्या अखेरीस सगळ्यांच्या इच्छा पूर्ण होतात. मूल मिळते, राजपुत्र मिळतो, सोने मिळते. सगळी पात्रे रंगमंचावर येऊन सुखाचे समूहगान गातात आणि पडदा पडतो. नाटक येथेच संपले असे समजून घरी निघालेल्या प्रेक्षकांचे किस्से या नाटकाभोवती पूर्वीपासून सांगितले जातात. ते शब्दशः खरे असोत वा नसोत, त्या अंकाच्या बांधणीबद्दल ते खरे बोलतात. परीकथा जेथे थांबते तेथेच हा अंक थांबतो, आणि त्या थांबण्यात काहीही अपुरे वाटत नाही.

मग मध्यंतर. पंधरा-वीस मिनिटे प्रेक्षक बाहेर असतो, चहा-कॉफी घेतो, सोबत्याशी बोलतो, आणि हे सगळे ‘त्यानंतर ते सुखाने नांदू लागले’ या वाक्याच्या आत राहून करतो. परतल्यावर पडदा उघडतो तेव्हा निवेदक पुन्हा कथारंभाच्याच थाटात सुरुवात करतो, आणि सुखी झालेली माणसे पुन्हा कशाची तरी इच्छा धरून बसलेली दिसतात. घर लहान पडते आहे. राजवाड्यात करमत नाही. एवढ्यात मेलेल्या राक्षसाची बायको नवऱ्याच्या खुनाचा जाब विचारायला खाली उतरते. यानंतरचा अंक मृत्यूंचा आहे. रापुन्झेल राक्षसिणीच्या पायाखाली चिरडली जाते, जॅकची आई मरते, सिंड्रेलाचा राजपुत्र पाववाल्याच्या बायकोला रानात भुलवतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात तीही मरते. उरलेली चार माणसे परस्परांची जबाबदारी घेत एकत्र राहायला शिकतात. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये एड्सने माणसे मरत होती, तेव्हा या अकारण चिरडून टाकणाऱ्या संकटात अनेकांनी त्या रोगाचे रूपक पाहिले. ते वाचन अन्याय्य नाही. पण नाटक त्याच्यापाशी थांबत नाही, आणि म्हणूनच ते पुढेही टिकले.

या अंकातली सर्वांत धाडसी घटना निवेदकाच्या बाबतीत घडते. राक्षसिणीला जॅक हवा आहे. कोणाला तरी तिच्या हवाली करायचे म्हणून पात्रांची नजर रंगमंचाच्या कडेला उभे राहून गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडे जाते. मी नसलो तर गोष्ट पुढे कशी जाईल हे तुम्हाला कळणार नाही, अशी विनवणी तो करतो; तरीही पात्रे त्याला राक्षसिणीच्या स्वाधीन करतात आणि तो मरतो. यानंतर कथेला कोणी वाली राहत नाही. ‘लेखकाचा मृत्यू’ या विषयावर आपल्याकडे बरीच शाई खर्ची पडली आहे. निवेदकाचा मृत्यू इतक्या उघड्या विनोदाने आणि इतक्या भयंकर परिणामासह रंगमंचावर घडवून दाखवणारी दुसरी लोकप्रिय कृती मला आठवत नाही.

आता या कृतीचे चाहते कसे घडले ते पाहू. ब्रॉडवेवरचा मूळ प्रयोग ज्यांनी पाहिला ते संख्येने थोडेच. बाकीच्यांपर्यंत ती ध्वनिमुद्रिकेतून पोचली, आणि मूळ नटसंचाच्या प्रयोगाचे जे चित्रीकरण मार्च १९९१ मध्ये अमेरिकन सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाले त्यातून पोचली. अमेरिकन संगीतिकेच्या इतिहासात ध्वनिमुद्रिकेचे स्थान फार मोठे आहे. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’पासून नाटकातील गाणी मूळ नटसंचाच्या आवाजात क्रमाने मुद्रित करण्याची प्रथा रूढ झाली, आणि संगीतिका म्हणजे गाण्यांची ठरलेली अनुक्रमणिका असा तिचा एक लेखी रूपासारखा अवतार घरोघर पोचला. ध्वनिमुद्रिकेत निवेदन थोडे असते, गद्य संवाद त्याहून थोडे, आणि मध्यंतर मुळीच नसते. पहिल्या अंकाचे शेवटचे गाणे आणि दुसऱ्या अंकाचे पहिले गाणे यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकाच अवकाश असतो. चाहत्याची यादी येथे तयार होते.

शाळांनी तर मध्यंतराच्या पुढचा भागच बाजूला ठेवला. शालेय प्रयोगांसाठी या संगीतिकेची जी संक्षिप्त आवृत्ती अधिकृतपणे उपलब्ध आहे, ती पहिल्या अंकापाशी, म्हणजे सगळ्यांच्या सुखापाशी संपते. कृतीचा अर्थ तिच्या दुसऱ्या अंकात आहे असे मानले, तर ही आवृत्ती मूळ अर्थाच्या विरुद्ध अर्थाची ठरते. तरीही ती लेखकांच्या संमतीने चालते. मुलांनी ही गाणी गावीत यात कोणाला काही वावगे वाटले नाही, आणि ते योग्यच होते. पण कृतीशी इमान कशाला म्हणायचे, हा प्रश्न चित्रपटाच्या कितीतरी आधी उभा होता, एवढे यावरून दिसते. मूळ कर्त्यांनीही संहिता कधी गोठवली नव्हती. १९९० च्या लंडन प्रयोगासाठी चेटकीण आणि रापुन्झेल यांचे एक नवे द्वंद्वगीत लिहिले गेले. २००२ च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनात एकाऐवजी दोन लांडगे आले. २०१० साली लंडनच्या रीजन्ट्स पार्कमधील खुल्या रंगमंचावर निवेदकाचे काम एका लहान मुलाला दिले गेले. शेवटचा बदल तर मूळ कल्पनेला नवे परिमाण देणारा होता, कारण तेथे गोष्ट सांगणाऱ्या मुलाचा बळी जातो.

चित्रपटाचे प्रयत्न १९९० च्या दशकात सुरू होऊन थांबले होते. अखेर वॉल्ट डिस्ने कंपनीने तो हाती घेतला, तेव्हा चाहत्यांच्या धास्तीला दोन बाजूंनी खतपाणी मिळाले. एक तर सॉन्डहाइम यांच्या संगीतिकांच्या चित्रपटांचा पूर्वेतिहास. ‘अ लिटल नाइट म्यूझिक’ची कथा १९७७ च्या चित्रपटात स्वीडनमधून उचलून व्हिएन्नात नेली गेली होती, २००७ च्या ‘स्वीनी टॉड’मध्ये, प्रेक्षकांना थेट उद्देशून कथा सांगणारा समूह गाळला गेला होता. दुसरी बाजू डिस्नेची. रापुन्झेलवर याच कंपनीने २०१० साली ‘टँगल्ड’ हा सुखान्त चित्रपट काढला होता, आणि सिंड्रेला तर १९५० पासून त्यांच्या घरची. ती राजकन्या पायाखाली चिरडली जाताना ही कंपनी दाखवील, असे मानायला फार मोठा भाबडेपणा हवा होता.

जून २०१४ मध्ये या धास्तीला दुजोरा मिळाला, आणि तोही प्रत्यक्ष रचनाकाराकडून. नाट्यविषय शिकवणाऱ्या शिक्षकांशी शालेय रंगभूमीवरील बंधनांविषयी सॉन्डहाइम यांचे जे बोलणे झाले, त्याचे वृत्त ‘द न्यू यॉर्कर’ने छापले. चित्रपटात रापुन्झेल मरणार नाही, आणि राजपुत्र व पाववाल्याची बायको यांचा प्रसंगही डिस्नेच्या आक्षेपामुळे टिकणार नाही, असा त्यातून बोध झाला. चाहत्यांमध्ये खळबळ माजली. काही दिवसांतच सॉन्डहाइम यांनी निवेदन काढून खुलासा केला : तो संवाद झाला तेव्हा आपण चित्रपटाचा पूर्ण कच्चा आराखडा पाहिलेला नव्हता, प्रत्येक बदल आपण आणि लपाइन यांनी निर्माते व दिग्दर्शक रॉब मार्शल यांच्यासह ठरवला आहे, रूपांतर इमानी आहे, आणि ज्यांना काळजी वाटते त्यांच्या माहितीसाठी, राजपुत्राचा तो प्रसंग आणि त्यातले गाणे चित्रपटात आहे.

हा वाद आणि त्याचे उत्तर दोन्ही एकाच भाषेत झाले, हे येथे लक्षात घ्यायला हवे. चाहत्यांनी घटना मोजल्या, आणि रचनाकारानेही घटनांचीच हमी दिली. जणू इमान ही हजेरीपटाची बाब आहे; प्रसंग उपस्थित असला की काम झाले. आपल्या समीक्षेत ‘आशय’ आणि ‘घाट’ यांच्या अभेदाचा घोष पुष्कळ झाला आहे. पण रूपांतराचा प्रश्न आला की आपणही बहुधा आशयाचीच मोजदाद करू लागतो, हे कबूल करायला हरकत नाही.

चित्रपट २५ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा लपाइन यांचीच होती. भाकीत अर्धे खरे ठरले : रापुन्झेल वाचली, आणि आपल्या राजपुत्रासह घोड्यावरून निघून गेली, राजपुत्राचा प्रसंग टिकला. दोन्ही राजपुत्र दुसऱ्या अंकात नव्या राजकन्यांसाठी झुरतात ते विडंबनगीत गेले. पाववाला आणि त्याचा मृत बाप यांचे द्वंद्वगीतही गेले. त्याची चाल तेवढी वाद्यांवर राहिली. या शेवटच्या गाळणीचे दुःख मला सर्वांत अधिक वाटते. घर सोडून पळणाऱ्या पुरुषांच्या दोन पिढ्या त्या गीतात समोरासमोर येतात, आणि त्यानंतरच पाववाल्याचे परतणे पटते. चित्रपटात तो एका झाडाखाली रडतो आणि परततो. अभिनेत्याने ते चांगले केले आहे, पण परतण्याचे कारण त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर सोपवले गेले आहे.

यादीच्या पद्धतीची मर्यादा चेटकिणीच्या विलापात अधिक स्पष्ट दिसते. रंगभूमीवर हा विलाप रापुन्झेलच्या मृत्यूनंतर येतो. ज्या मुलीला जगापासून वाचवण्यासाठी तिने मनोऱ्यात कोंडले ती जगाच्याच पायाखाली गेली, हा त्याचा प्रसंग आहे. तेथे चेटकिणीचे भय खरे ठरलेले असते, आणि म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. चित्रपटात मुलगी निघून गेल्यावर तीच चेटकीण तेच गाते. मेरिल स्ट्रीप यांनी ते उत्तम गायले आहे, चालही तीच आहे. पण आता ते घर सोडून गेलेल्या मुलीच्या आईचे दुःख झाले. तिचे भय चुकीचे होते, असे कथाच म्हणते. यादीत हे गाणे ‘राखले’ या रकान्यात पडते, आणि ते पाववाल्याच्या द्वंद्वगीतापेक्षा कमी बदललेले आहे, असे मी म्हणणार नाही.

तरीही या चित्रपटात खरोखर गेले ते मध्यंतर. चित्रपटात सिंड्रेलाचा विवाहसोहळा चालू असतानाच धरणी हादरू लागते. सुखाचे ते समूहगान चित्रपटात गायले जात नाही, त्याचा वाद्यमेळ तेवढा ऐकू येतो. आणि सुख पुरते होण्याआधीच संकट दारात उभे राहते. घटनांच्या दृष्टीने फरक नगण्य आहे : लग्न झाले, राक्षसीण आली. पण रंगभूमीवर प्रेक्षकाला त्या सुखात राहायला वेळ दिला जातो. तो ते सुख स्वीकारतो, त्याबद्दल टाळ्या वाजवतो, पाऊण तासानंतर त्या टाळ्यांची त्याला लाज वाटू शकते. चित्रपटाचा प्रेक्षक या जबाबदारीतून सुटतो. कथेने त्याला फसवले नाही, म्हणून तो कथेत सामीलही झाला नाही.

वोल्फगांग ईझर यांनी क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. डिकन्सची एखादी कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्यांना ती पुस्तकरूपातल्या वाचनापेक्षा अधिक चांगली वाटे. कारण दोन हप्त्यांमधल्या विरामात वाचक पुढच्या शक्यता स्वतः रचत असे. संहितेतील रिक्त जागा वाचकाला सहलेखक करते, हा ईझर यांचा सिद्धान्त येथे शब्दशः लागू पडतो; फक्त येथली रिक्त जागा कागदावर नसून नाट्यगृहाच्या वेळापत्रकात आहे. म्हणून ती संहितेचा भाग आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. लपाइन-सॉन्डहाइम यांनी या व्यावसायिक सोयीला अर्थ दिला होता. भारतीय चित्रपटगृहांतील मध्यंतराची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे कदाचित लवकर उमजेल. अमेरिकन चित्रपटात मात्र १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त आणि १९६५ च्या ‘द साउंड ऑफ म्यूझिक’मध्ये असलेले मध्यंतर पुढे हळूहळू नाहीसे झाले, आणि २०१४ साली ते मागण्याची कल्पनाही कोणाला सुचण्यासारखी नव्हती. यादीत नसलेली गोष्ट गेली तर तिच्यासाठी शोक होत नाही.

निवेदकाचेही असेच झाले. चित्रपटात निवेदन पाववाल्याच्या आवाजात येते, आणि अखेरीस तो आपल्या बाळाला गोष्ट सांगू लागतो तेव्हा आपण ऐकलेली गोष्ट हीच होती हे उलगडते. रंगभूमीवरही शेवटी तोच गोष्ट सांगू लागतो. पण तेथे ती मेलेल्या निवेदकाची जागा असते. गोष्टीचा वाली पात्रांनीच मारलेला असतो, आणि म्हणून ती सांगण्याचे ओझे एका पात्राला उचलावे लागते. चित्रपटात आरंभापासून आवाज त्याचाच असल्याने हे ओझे उचलण्याचा क्षणच उरत नाही. उलट, ज्याचा आवाज आपण ऐकतो आहोत तो वाचणार आहे हे प्रथमपासून निश्चित होते. कॅमेरा स्वतःच निवेदक असल्याने चित्रपटाला रंगमंचाच्या कडेचा माणूस नको असतो, असे याचे समर्थन करता येईल, आणि ‘स्वीनी टॉड’मधील समूहाच्या लोपालाही तेच कारण देता येईल. माध्यमाची म्हणून ही अडचण मान्य करूनही दोन्हीकडे गेले ते एकच, हे नोंदवायला हवे : प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा कोणीतरी. जून २०१४ च्या वादात तो चर्चेचा विषय झाला नाही.

यावरून चाहत्यांचे भाकीत उथळ असते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. घटनांविषयीची त्यांची भीती नैतिक स्वरूपाची होती. या कृतीने त्यांना वयात येताना मृत्यू, व्यभिचार आणि अपत्यप्रेमातील क्रौर्य यांविषयी खरे बोलून दाखवले होते, आणि ते खरे बोलणे परत घेतले जाईल, हे त्यांचे भय होते. रापुन्झेलच्या बाबतीत ते परत घेतलेही गेले. प्रश्न फक्त एवढाच, की ते खरे बोलणे ज्या बांधणीमुळे शक्य झाले तिच्यासाठी त्यांच्यापाशी शब्द नव्हता. ध्वनिमुद्रिकेने दिलेल्या स्मृतीत तो शब्द येणेही कठीण होते.

पुढच्या दशकात या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण मिळाले. स्टीफन श्वार्ट्झ यांची २००३ ची ‘विकेड’ ही संगीतिका चित्रपटात आणताना ती दोन चित्रपटांत विभागण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला. तेव्हा अनेकांनी त्यात व्यापारी लोभच पाहिला, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पहिला भागच जवळजवळ संपूर्ण नाटकाच्या लांबीचा झाला. पण श्वार्ट्झ यांनी दिलेले कारण रचनेचे होते. पहिल्या अंकाच्या अखेरीचे गाणे पडदा पाडण्यासाठीच लिहिलेले आहे. त्यानंतर न थांबता पुढे जाणे त्यांना अशक्य वाटले. मध्यंतर हा संहितेचा भाग आहे असे येथे एका रचनाकाराने चित्रपटाच्या संदर्भात उघडपणे म्हटले. पहिला भाग २२ नोव्हेंबर २०२४ रोजी आला आणि दुसरा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. पंधरा मिनिटांचे मध्यंतर वर्षभराचे झाले, आणि त्या वर्षभरात चाहते पुन्हा याद्या करत राहिले. दुसऱ्या भागासाठी रचलेल्या दोन नव्या गाण्यांना जागा करून देण्यासाठी नाटकातले काय जाणार, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता.